सातव्या नंबरचा रोवणा

पहिले एक गोष्ट सांगून ठेवते, मंग बाकीचं. धानाचा रोवणा मागं मागं जात करतात. वाकायचं, पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, तीन-चार काड्या चिखलात खोचायच्या, एक पाऊल मागं. पुन्हा खोचायच्या, पुन्हा मागं. पुढं पाऊल टाकलं तं आपणच लावलेलं धान आपल्याच पायाखाली जाते. हे समजाले काही शाळा नाही लागत. आमच्या दवनीवाड्यातलं पाच वर्षांचं लेकरूही सांगेल.

मी शकुंतलाबाई. पंचवीस वर्षांपासून बारा बायांचा जत्था घेऊन रोवण्याचे ठेके करून राहिली. माझं तोंड वाईट आहे, हे अख्ख्या तालुक्याले माहीत आहे. नवी पोरगी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरली अन् चुकून तिनं एक पाऊल पुढं टाकलं, तं मी तिथूनच ओरडते, "तंगडं तोडीन!" पण माझ्या जत्थ्याची रांग कोणी वाकडी दाखवावी, मी त्याच्या घरी पाणी भरीन.

अन् हीच मी सिनेमात पुढं पुढं चालत रोवणा करताना दिसते. अन् तो सिनेमा अख्ख्या देशातल्या दहा चांगल्या सिनेमांत आला. आता बोला.

दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. माझी सून नीतू मोबाईल घेऊन घरातून धावतच आली. "आत्याबाई, आत्याबाई! आपला सिनेमा यादीत आला!"

"कोणती यादी वं? राशनची?"

मंग तिनं समजावून सांगतलं. पेपरात सिनेमावर लिहिणारे लोक असतात, समीक्षक. देशभरातल्या अशा लोकांची एक संघटना आहे. दरवर्षी ते बसून मतं टाकतात अन् त्या सालचे दहा चांगले सिनेमे निवडतात. पैसे नाही भेटत, ढाल नाही भेटत, नुसतं नाव छापून येते. पण ह्या यादीत नाव आलं का पुढचा सिनेमा काढाले माणसं स्वतःहून विचारत येतात म्हणे. आमच्या रुख्माच्या पोराचा, हिमांशूचा सिनेमा सातव्या नंबरवर होता.

खोटं कायले बोलू, माझा ऊर भरून आला. रुख्माचा पोट्टा! आमच्याच धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, खेळून मोठा झालेला. मी म्हटलं, "काय लिहिलं ते वाच ना."

नीतू वाचाले लागली. "'कमरेत वाकलेल्या बारा स्त्रिया रोप लावत आपल्या दिशेने चालत येतात. रोवणीच्या शेवटच्या दिवशी एक रांग पुढे पावले टाकत लावायची, ही या भागातली जुनी प्रथा. भविष्याकडे चालणाऱ्या या बायका यंदाच्या चित्रपटांतले सर्वात सुंदर दृश्य आहे.'"

माझ्या हातातलं सूप हातातच राहिलं. "कोणती प्रथा?"

"असं लिहिलं आहे. हिमांशूभाऊनं मुलाखतीत सांगतलं म्हणे."

"भविष्याकडे कायचं वं? लीलाधरच्या धुऱ्याकडे चालून राहिलो होतो आम्ही! धुऱ्यावर त्याचा कॅमेरा होता! अन् प्रथा? कोणाच्या घरची प्रथा?"

नीतू हसाले लागली. मी नाही हसली. म्हणजे मी पोरींचं तंगडं तोडणारी, अन् आता देशभर लिहून आलं का दवनीवाड्याच्या बाया स्वतःच्या धानावर पाय देत चालतात, अन् वरून त्याले प्रथा म्हणतात. माझ्या डोक्यात जाळ झाला.

आता हिमांशूचं सांगते. त्याची माय रुख्मा वीस वर्षं रांगेत माझ्या डाव्या हाताले होती. नवरा लवकर गेला. पदरी एकच लेकरू. पावसाळ्यात रोवणा, बाकीचे दिवस बिड्या वळणं, असं करून तिनं त्याले वाढवलं. रोवण्याले येताना पोराले सोबत आणायची. ज्या धुऱ्यावर काम संपणार असे, तिथल्या पळसाखाली त्याले बसवून द्यायची. काम झालं का लेकरू हाताशी, असा तिचा हिशोब. तोही बसून राहायचा. मधामधात रडायचा. आम्ही ओरडायचो, "येऊन राहिली रे तुझी माय, चूप बस." पुढं तो गोंदियाले शिकला, मंग दूर कुठं सिनेमाच्या शाळेत गेला. रुख्माले कोणी विचारलं, पोरगा काय शिकते, तं ती म्हणायची, "फोटोचं काहीतरी शिकून राहिला."

तीन वर्षांआधी तो गाडीभर सामान अन् आठ-दहा माणसं घेऊन गावात आला. सिनेमा आमच्याच गावाचा होता, आमच्याच बाया. शेवटच्या दिवशी त्यानं गावातल्या लीलाधरची बांधी घेतली अन् कॅमेरा नेऊन ठेवला त्या पळसाजवळ. आम्ही उतरलो, पाठ फिरवली, तं हा ओरडला, "मावशी, तिकडून नाही. ह्या बाजूले तोंड करून या. रोवत रोवत पुढं."

मी म्हटलं, "येडा झाला का? असा रोवणा कोण करते?"

"कोणीच नाही करत. मले माहीत आहे."

"मंग काऊन?"

"तोंडं दिसली पाहिजेत."

"तोंडाले काय पाहाचं आहे? लग्नात पाहून घे."

बाया खळखळून हसल्या. तो नाही हसला. "मावशी, एक डाव. माझ्यासाठी." मी अजून चार शब्द ऐकवणार होती, तेवढ्यात रुख्मा माझ्या बाजूनं पुढं गेली. काही न बोलता वाकली, चार काड्या खोचल्या अन् पाय उचलून सरळ पुढं टाकला, खोचलेल्या धानावर. मंग काय, आमचेही पाय उचलले. आपलेच दात अन् आपलेच ओठ. एक नाही, तीन डाव करवलं त्यानं. बांधीचा पार चिखलकाला झाला. मंग त्या लोकांनी सामान गाडीत भरलं अन् नागपूरच्या रस्त्याले लागले. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर त्यांचं जेवण सांगून ठेवलं होतं. हिमांशू मायच्या पाया पडला अन् गेला.

त्या दिवशी संध्याकाळी अजून एक गोष्ट झाली. पण ती कोणाले सांगायची नाही, अशी रुख्मानं माझ्याकडून शपथ घेतली होती.

त्याच हिवाळ्यात रुख्मा गेली. आठ दिवस तापली, दवाखान्यात नेली, तिथंच गेली. जायच्या आधी माझा हात धरून म्हटली होती, "शकुंतले, पोट्ट्याकडे ध्यान देशील. त्याले कोणी नाही." मी म्हटलं होतं, देईन. त्या एका शब्दानं मले बांधलं ते बांधलंच.

दिवाळी झाली अन् आमच्या गावाची मंडई आली. मंडई म्हणजे वर्षाचा मोठा सण. लेकीबाळी माहेरी येतात, आजूबाजूच्या वीस गावांचे लोक जमतात, ऊस, जिलेबी, पाळणे, अन् रात्री नाटक. पंचायतीनं ठरवलं, का ह्या वर्षी हिमांशूचा सिनेमा दाखवायचा अन् आम्हा बायांचा सत्कार करायचा. पण रात्रीचं नाटक कोण सोडेल? म्हणून सिनेमा दुपारी, समाजभवनात, खिडक्यांवर ताडपत्री लावून. मुंबईहून यादीवाल्या संघटनेच्या एक बाई येणार होत्या, चेतनाताई. तो मजकूर त्यांनीच लिहिलेला. त्यांना ह्या प्रथेवर अजून एक मोठा लेख लिहायचा होता. म्हणून त्या आम्हा बायांले मंचावर त्याबद्दल विचारणार होत्या.

मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी हिमांशू आमच्या घरी आला. हातात पेढ्याचा डबा, तोंड उतरलेलं. माझा नवरा केवळराम खाटेवर बसून चहा पिऊन राहिला होता. मी डबा घेतला अन् बाजूले ठेवून दिला.

"मावशी, राग आला का?"

"मले कायले राग येईल बापा? मोठ्या माणसावर कोणी रागावते का?"

तो खालीच बसला, कुडाले पाठ टेकवून. म्हटला, "मले मुलाखतीत विचारलं, बाया पुढं काऊन चालतात. मी अडकलो. खरं सांगता येत नव्हतं. तोंडातून निघून गेलं, प्रथा आहे म्हणून. मंग जो तो तेच विचारे. मागं फिरता आलं नाही."

"अस्सं! आम्हाले पुढं चालवलं अन् तुले मागं फिरता नाही आलं."

"मावशी, उद्या त्या बाई तुले विचारतील. तू एवढंच म्हण, का हाव, आहे अशी प्रथा. तू नाही म्हटलं तं मी खोटारडा ठरीन. यादीतून नाव काढतील. दुसऱ्या सिनेमाचं बोलणं चालू आहे, तेही जाईल. लोक म्हणतील, आपल्याच गावाबद्दल खोटं बोलून नाव कमावलं."

"मंग खरंच तं म्हणतील."

केवळरामनं बशी खाली ठेवली अन् म्हटलं, "म्हणून टाक ना हाव. तुझं काय जाते?"

"तुम्ही चूप बसा! तुमचं काय जाते? तुम्ही जिंदगीभर धुऱ्यावर बसून बिड्या फुकल्या. उद्या वीस गावच्या बाया असतील तिथं. त्याहिच्यासमोर मी म्हणू, का धान तुडवणं आमची प्रथा आहे? उद्या माझ्या जत्थ्यातली पोरगी पुढं पाऊल टाकीन अन् म्हणीन, मावशी, प्रथा होय, तं मी कोणत्या तोंडानं बोलू?"

केवळरामनं पुन्हा बशी उचलली. मी हिमांशूले विचारलं, "पण तू रुख्माचा पोट्टा. तुले रोवणा माहीत नाही असं नाही. मंग हे असं काऊन केलं? अन् खरं सांगता येत नव्हतं म्हणजे काय? ते तं सांग."

"नाही सांगता येत, मावशी." असं म्हणून उठला. जाताना दारात थांबून म्हटला, "माय असती तं तिनं हाव म्हटलं असतं."

घ्या! नेमकं तिथंच बोट ठेवलं पोट्ट्यानं, जिथं दुखते. हाव म्हटलं असतं तिनं, शंभर वेळा म्हटलं असतं. मी दिवसभर भांडी आपटली. नीतूवर ओरडली, शेळीवर ओरडली. इकडं रुख्माले दिलेला शब्द, तिकडं पंचवीस वर्षांची माझी जबान. धरलं तं चावते, सोडलं तं पळते. मी त्याले हाव म्हटलं नव्हतं अन् नाहीही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समाजभवन गच्च भरलं. पुढं लेकरं, मंग बाया, मागं माणसं. आम्ही जत्थ्याच्या बाया एकसारख्या हिरव्या लुगड्यांत पहिल्या रांगेत खुर्च्यांवर. बारातल्या अकराच होतो. चेतनाताई माझ्या बाजूले बसल्या होत्या. पन्नाशीच्या, साध्या, चष्मा लावलेल्या. मले म्हटल्या, "शकुंतलाबाई, मी तुमचा चेहरा सहा वेळा पाहिला आहे." मी म्हटलं, "आरशात मीही इतक्यांदा नाही पाहिला."

सिनेमा सुरू झाला. लोकांनी आपापली घरं ओळखली, बैल ओळखले, कोणाचा बैल कोणाच्या गोठ्यात दाखवला म्हणून मागं दोघं भांडले. अन् मंग तो रोवणा आला. मी पदर दातात धरला.

पडद्यावर आम्ही पुढं पुढं येऊन राहिलो होतो. मंग मागून कोणी बाई मोठ्यानं म्हटली, "अगा माय वं, हे काय! शकुंतलाबाई उलटा रोवणा करून राहिली!" अन् अख्खं भवन हसाले लागलं. बाहेरगावच्या बाया तोंडाले पदर लावून, लेकरं टाळ्या पिटून. मागून कोणी गडी ओरडला, "मावशी, तंगडं तोड ना आता!" माझ्या दुसऱ्या बाजूची शामकला रडकुंडीले आली. धरणी फाटावी अन् आत जावं, असं झालं मले.

अन् मंग रुख्माचं तोंड आलं. रांगेतून तिचं एकटीचंच, जवळ येत येत पडदाभर झालं. गालावर चिखलाचा शिंतोडा. तिनं खोचलं, पाय उचलला, अन् वाकल्या वाकल्याच मान वर करून समोर पाहिलं. हसली नाही, पण हसाले येऊन थांबल्यासारखं तोंड होतं तिचं. हसणारे हसाचे थांबले. गावानं तिले जाळून तीन वर्षं होत आली होती, अन् ती चालत येऊन राहिली होती.

सिनेमा संपला, ताडपत्र्या काढल्या. आम्हाले मंचावर बसवलं, शाल-नारळ दिलं. हिमांशू एका कोपऱ्यात उभा होता, घामानं भिजलेला. चेतनाताईंनी माईक घेतला. म्हटल्या, "मला एकच विचारायचं आहे. पुढे चालत रोवणी करायची ही प्रथा तुमच्याकडे कधीपासून आहे? लोक हसले, ते मला कळलं नाही." अन् माईक माझ्या हातात दिला.

मी हिमांशूकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहून राहिला होता, लहानपणी पळसाखाली बसून पाहायचा तसाच. हाव म्हणाले एक श्वास लागते. पण समोर माझ्या जत्थ्यात नव्यानं येणाऱ्या पोरी बसल्या होत्या, त्याहिच्या माया बसल्या होत्या. अन् रुख्मा आत्ताच समोरून गेली होती. तिच्या देखत खोटं कसं बोलू?

"ताई, अशी काही प्रथा नाही," मी म्हटलं. "पोट्टा खोटं बोलला. रोवणा मागं मागं जात होते. पुढं गेलं तं धान मरते. म्हणून लोक हसले."

हिमांशूनं डोळे मिटले. चेतनाताईंचं तोंड लाल झालं. त्या हळूच म्हटल्या, "ते भविष्याचं वाक्य माझं होतं."

"असू द्या. पण आता बोललीच आहे तं पुरं बोलू द्या मले. एक शपथ आहे, ती आज मोडते. रुख्मा मले माफ करीन." मी हिमांशूकडे वळली. "तुम्ही लोक गाडीत बसून गेले, कोहमाऱ्याले जेवाले. आम्हीही घरी निघालो होतो. ही बांधी मोडली तं मोडली, लीलाधरनं कबूल केलं होतं, त्याची काही तक्रार नव्हती. पण तुझी माय धुऱ्यावरून उठेना. म्हणे, पऱ्हे तोंडावर पडले आहेत, मले पाहवत नाही. माझ्या पोरानं तुडवलं, मी उभं करते. अन् एकटीच बांधीत उतरली. मंग आम्ही काय करणार? बाराच्या बारा उतरलो. काड्या एक एक करून चिखलातून उचलल्या, धुतल्या, मेलेल्या फेकल्या, पऱ्ह्याच्या उरलेल्या जुड्या आणल्या. दिवस बुडेपर्यंत अख्खी बांधी पुन्हा रोवली. मागं मागं जात. त्याचा कोणी फोटो नाही काढला. लीलाधरले विचार, त्या बांधीले त्या साली किती धान झालं ते."

लीलाधर मागं उभा होता. तो म्हटला, "सगळ्यात चांगलं त्याच बांधीले झालं होतं, जी."

"तुझी माय म्हटली, त्याले सांगू नको शकुंतले, त्याचं मन खट्टू होईल. म्हणून नाही सांगतलं. काल तू म्हटलं ना, माय असती तं तिनं हाव म्हटलं असतं? तोंडानं म्हटलं असतं, बापा. पण हातानं तिनं त्याच दिवशी नाही म्हटलं होतं."

मी माईक खाली ठेवणार, तं हिमांशूनं येऊन घेतला. लोकांकडे न पाहता तो चेतनाताईंना म्हटला, "मावशी खरं बोलली. मी खोटं बोललो. यादीतून नाव काढून टाका."

चेतनाताईंनी चष्मा काढून पुसला. म्हटल्या, "यादी चित्रपटांची असते, प्रथांची नाही. नाव काढायचं की नाही ते सगळे मिळून ठरवतील. पण माझं लिहिणं चुकलं, ते मी छापून सांगेन. तुम्ही खोटं बोललात, तेही छापेन. एवढं मात्र सांगा, तुम्ही इथलेच. तुम्हाला ठाऊक होतं. मग असं का केलंत?"

मलेही तेच ऐकायचं होतं.

"मी लहान होतो," तो म्हटला, अन् बोलता बोलता त्याची शहरातली भाषा सुटून गेली. "माय मले पळसाखाली बसवून जायची. काम सुरू करायची त्या दुसऱ्या धुऱ्यापासून, अन् रोवत रोवत माझ्याकडे यायची. पण यायची पाठमोरी. मले तिची पाठच दिसे. मी रडो, हाका मारो, ती येतच राहायची, पण तोंड तिकडं. पार धुऱ्याले टेकल्यावर वळायची, तोवर मी झोपून गेलेला असे. किती वर्षं मी मायले असंच येताना पाहिलं. मले फक्त एक डाव तिचं तोंड माझ्याकडे येताना पाहायचं होतं. ते पहिल्याच डावात भेटलं होतं. पण मन भरलं नाही, म्हणून तीनदा करवलं. हे मुलाखतीत कसं सांगू? माय गेल्यावर तं सांगताच येईना. प्रथा म्हटली, सोपं होतं."

तो मंचाच्या कडेवर बसून गेला. माझी तं अक्कलच गुंग झाली. तीन वर्षं मी ह्या पोट्ट्याले मनात शिव्या देऊन राहिली होती, का शहरात जाऊन येडा झाला. अन् मले रुख्माची त्या संध्याकाळची अजून एक गोष्ट आठवली. तेव्हा मले वाटलं होतं, बाई थकली, काहीबाही बोलून राहिली.

मी त्याच्या बाजूले जाऊन बसली. माईक नव्हता हातात, पण माझा आवाज असा, का समाजभवनाले माईक लागत नाही. "हिमांशू, त्या संध्याकाळी रोवता रोवता तुझी माय मले काय म्हटली सांगू? म्हटली, 'शकुंतले, पोट्टा त्या कॅमेऱ्यामागं रडून राहिला होता. मी पाहिलं. पळसाखाली बसून रडे ना, तसाच. तेव्हा मले वळून पाहाले फुरसत नव्हती वं. आज सरळ त्याच्याकडे चालत गेली. धान तुडवलं गेलं तं गेलं, आता उभं करू.'"

त्यानं माझ्या मांडीवर डोकं टाकलं अन् लेकरासारखा रडाले लागला. एवढा दाढीवाला गडी. मी त्याच्या डोक्यावर हात फिरवला अन् म्हटलं, "रड आता. पण पुन्हा माझ्या गावाबद्दल खोटं बोलला तं तंगडं तोडीन."

खाली बाया डोळे पुसून राहिल्या होत्या. बाहेरगावची ती, उलटा रोवणा म्हणून ओरडणारी, तीही. शामकला उठली अन् मशीनवाल्याले म्हटली, "ए बाबू, तो रोवणा परत लाव ना." मशीनवाला म्हटला, "ताडपत्र्या काढल्या जी, आता नाही दिसत नीट." तसे लीलाधर अन् चार गडी उठले अन् खिडक्या झाकाले लागले. माझा केवळराम, जो जिंदगीत कधी ताटही उचलत नाही, तोही एक टोक धरून उभा राहिला.

हिमांशू मंचावरून खाली उतरला अन् लेकरांच्या मधात जाऊन बसला, जमिनीवर, पडद्याच्या अगदी समोर. चेतनाताईही खुर्ची सोडून आम्हा बायांत येऊन बसल्या. पडद्यावर बांधी आली. आम्ही बाराही जणी पुढं पुढं येऊन राहिलो होतो. ह्या डावाले कोणी हसलं नाही.

रुख्मा वाकली. खोचलं, पाय उचलला, पुढं टाकला. अन् मान वर करून ती आपल्या पोराकडे येत राहिली.

मी पंचवीस वर्षं पोरींच्या पायाकडे पाहत आली. त्या दिवशी मी तिच्या पायाकडे नाही पाहिलं.